‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ घडला सीरियातले किल्ले पायी फिरताना!

लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हटलं की १९६२ सालचा डेव्हिड लीनचा सिनेमा आठवतो. वाळवंट, उंट आणि अरबी पोशाखातला एक गोरा माणूस. पण या माणसाची अरबांशी ओळख युद्धात झाली नव्हती. ती झाली किल्ल्यांच्या नादात.

टी. ई. लॉरेन्सचा जन्म १८८८ साली वेल्समध्ये झाला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. ते लपवण्यासाठी वडिलांनी आपलं मूळ आडनाव सोडून लॉरेन्स हे नाव घेतलं होतं. ऑक्सफर्डमध्ये वाढलेल्या या मुलाला लहानपणापासून जुन्या वास्तूंचं वेड. १९०८ च्या उन्हाळ्यात सायकलवरून फिरून त्याने फ्रान्समधले किल्ले पाहिले.

विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्याने एक वादाचा विषय निवडला. जेरुसलेमसाठी लढायला गेलेल्या युरोपीय क्रुसेडरांनी पूर्वेत मोठमोठे किल्ले बांधले. ही विद्या ते पूर्वेकडूनच शिकले, असं तेव्हा अनेक अभ्यासक मानत. लॉरेन्सला हे पटत नव्हतं. पुस्तकं चाळून उत्तर मिळणार नव्हतं, म्हणून त्याने सीरियाला जायचं ठरवलं.

भर उन्हाळ्यात एकट्याने पायी फिरू नको, असा सल्ला त्याला जाणकारांनी दिला. त्याने ऐकलं नाही. तेव्हा हा मुलूख ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. प्रवासाची परवानगीपत्रं मिळवायला मदत केली ती ऑक्सफर्डचे कुलपती लॉर्ड कर्झन यांनी. होय, बंगालची फाळणी करणारे तेच कर्झन!

१९०९ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांत तो सुमारे १,६०० किलोमीटर चालला आणि त्याने छत्तीसच्या आसपास किल्ले पाहिले. सोबत कॅमेरा आणि पिस्तूल. रात्री गावकऱ्यांच्या घरी मुक्काम, ते देतील ते खायचं, मोडक्यातोडक्या अरबीत बोलायचं.

त्याला सर्वांत आवडला तो क्राक दे शेव्हालिए. एकात एक असे दोन तट, आतल्या तटाच्या पायथ्याशी दगडी उतार आणि वळणावळणाचा प्रवेशमार्ग. बाहेरचा तट पडला, तरी शत्रू आतल्या तटाच्या माऱ्यात सापडायचा. ११४२ च्या सुमारास हा किल्ला हॉस्पिटलर नाइट्सकडे आला आणि १२७१ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने तो जिंकला. लॉरेन्स गेला तेव्हा तटांच्या आत चक्क एक गाव नांदत होतं.

पुढे वाटेत त्याला मारहाण करून लुटण्यात आलं, मलेरियानेही गाठलं. पैसे संपले आणि प्रवास आवरता घ्यावा लागला. पण १९१० मध्ये त्याला प्रथम श्रेणी मिळाली. क्रुसेडरांनी बांधकामाची पद्धत मुख्यतः युरोपातून नेली, असं त्याने मांडलं होतं. आज अभ्यासक देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली असं मानतात.

या पायपिटीतून त्याला भाषा आणि माणसं कळली. १९११ पासून तो कार्केमिशच्या उत्खननावर होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांकडे पाठवलं. १९१७ मध्ये अकाबा पडलं, १९१८ मध्ये दमास्कस.

मात्र अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवणाऱ्या ब्रिटनने फ्रान्सशी वाटणीचा गुप्त करार आधीच केला होता. लॉरेन्सला लढतानाच याची कल्पना होती. १९२० मध्ये सीरिया फ्रान्सच्या हाती गेला. ज्यांच्या घरी तो जेवला होता, त्यांच्यावर नवे राज्यकर्ते आले.

ही बोच त्याला सुटली नाही. कर्नलपदापर्यंत पोहोचलेला हा माणूस १९२२ मध्ये खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई झाला. १९२७ ते १९२९ या काळात तो कराची आणि मीरनशाह इथे होता. १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

किल्ल्यांवरचा तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला १९३६ मध्ये. तो पाहायला लॉरेन्स नव्हता. क्राक मात्र अजून उभा आहे. २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला, नंतरच्या यादवीत त्याची पडझडही झाली.