ना. म. जोशी आणि मृत कामगाराचे वारस

मुंबईच्या डिलाईल रोडला ज्यांचे नाव दिले आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांची ओळख आज बहुधा रस्त्याच्या पाटीपुरतीच उरली आहे. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ साली ते जन्मले. कादंबरीकार वामन मल्हार हे त्यांचे धाकटे बंधू. आपण मराठी शिकलेली माणसे ओळखतो ती त्यांनाच! नारायणराव काही वर्षे शिक्षक होते. १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगावात रमले. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते.

१९२१ पासून केंद्रीय कायदेमंडळात ते कामगारांच्या वतीने नियुक्त सभासद होते. याच सभागृहापुढे नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आला. विधेयक सरकारचे होते. परंतु ज्यांच्यासाठी ते होते, त्यांच्या चाळी पाहिलेले सभासद तेथे थोडेच. तोवर कामावर मेलेल्या मजुराच्या विधवेला १८५५ च्या कायद्यान्वये मालकाची हयगय दिवाणी न्यायालयात सिद्ध करावी लागे. म्हणजे बहुधा काहीच मिळत नसे. नव्या कायद्याने ही अट काढली. कामातील धोका हा उत्पादनखर्चाचाच भाग ठरला. रक्कम मात्र तुटपुंजी होती: तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ती वारसांच्या हाती परस्पर न देता आयुक्तांकडे भरावी, हे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. अंगठा घेऊन थोडक्यात मिटवण्याची वाट त्यामुळे अडली.

परक्या देशातील अपघातग्रस्त कामगारास तेथील नागरिकाइतकीच भरपाई मिळावी, असा करार जिनीव्हात १९२५ मध्ये झाला. भारताने तो १९२७ मध्ये मान्य केला. पुढे जोशी व्हिटली आयोगावर गेले, १९२९ मध्ये आयटकमधून बाहेर पडले, आणि १९५५ मध्ये निवर्तले.

त्यांच्या पश्चात आखाताची वाट खुली झाली. परदेशी काम करणाऱ्यांचे कलम आपल्या कायद्यात आले ते १९९५ मध्ये, आणि तेही भारतात नोंदलेल्या कंपन्यांच्या कामगारांपुरते. परदेशी मालकाच्या परातीवरून पडून मेलेल्या रत्नागिरीच्या गवंड्याची विधवा त्या कलमात बसत नव्हती. तिला तिथल्या कायद्याकडे, दूतावासाकडे आणि २००३ पासून विमा योजनेकडे पाहावे लागले.