कँडेस व्हीलर

कँडेस थर्बर व्हीलर (२४ मार्च, १८२७ - ५ ऑगस्ट, १९२३) या अमेरिकन भरतकाम व वस्त्रनक्षीकार होत्या. गरजू सुशिक्षित स्त्रियांना सुईच्या कामातून मानाने कमाई करता यावी, यासाठी त्यांनी न्यू यॉर्क शहरात संस्था उभ्या केल्या.

त्यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील डेल्ही या गावी झाला. (गावाचे नाव भारतातील दिल्लीवरून पडले असले, तरी स्थानिक उच्चार 'डेल्हाय' असा होतो.) वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. गुलामांच्या श्रमातून आलेला कापूस घरात वापरला जात नसे. त्यामुळे सूतकताई आणि विणकाम कँडेस यांना घरातच शिकायला मिळाले. १८४४ साली टॉमस व्हीलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८७६ साली थोरल्या मुलीचे निधन झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनात त्यांनी लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्कचे भरतकाम पाहिले. यादवी युद्धानंतर अनेक विधवा व निराधार स्त्रियांपुढे उपजीविकेचा प्रश्न होता, आणि घराबाहेर काम करणे मध्यमवर्गात कमीपणाचे मानले जाई. हे ध्यानात घेऊन व्हीलर यांनी १८७७ मध्ये 'सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट' स्थापन केली. स्त्रियांना शिकवणे आणि त्यांच्या वस्तू विकून देणे असे तिचे काम होते. मात्र वस्तू कलेच्या कसोटीला उतरली नाही, तर ती परत केली जाई. ही अट कलेच्या दृष्टीने रास्त होती, पण सर्वांत गरजू स्त्री तिच्यामुळेच वगळली जात असे. म्हणून १८७८ मध्ये व्हीलर 'न्यू यॉर्क एक्सचेंज फॉर विमेन्स वर्क' या दुसऱ्या संस्थेच्या स्थापनेत सहभागी झाल्या. तेथे मुरंबे आणि शिवलेले साधे कपडेही विक्रीस ठेवता येत.

इंग्रजी नमुन्यांची नक्कल करण्याऐवजी आपल्या परिसरातील रूपे घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. काटेरी थिसलची फुले आणि पाइनची शंकूसारखी फळे त्यांच्या नक्षीत दिसतात. १८८१ मधील भिंतकागदाच्या स्पर्धेत त्यांच्या मधमाशांच्या नक्षीला १००० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. पहिली चारही पारितोषिके स्त्रियांनीच पटकावली. त्यांत त्यांची कन्या डोरा हिचाही समावेश होता.

१८७९ पासून त्यांनी लुई कम्फर्ट टिफनी यांच्याबरोबर काम केले. १८८३ मध्ये वेगळे होऊन 'असोसिएटेड आर्टिस्ट्स' ही स्त्रियांची संस्था त्यांनी चालवली. खास विणून घेतलेल्या रेशमी कापडाच्या धाग्यांखालून सुईने रंगीत रेशीम ओवायचे, म्हणजे टाका विणीत मिसळून जातो, अशी पद्धत त्यांनी काढली व १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले. असे पडदे श्रीमंतांनाच परवडत. पण डेनिमसारख्या स्वस्त कापडावरही त्यांनी तितक्याच आस्थेने नक्षी केली.

१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात महिला भवनाच्या अंतर्गत सजावटीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे कॅट्स्किल पर्वतातील वास्तव्यात त्यांनी ग्रामीण स्त्रियांना उत्पन्न मिळावे या हेतूने घरगुती गालिचे विणण्यावर पुस्तक लिहिले. अमेरिकेतील भरतकामाचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९२१ मध्ये, त्यांच्या वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, प्रसिद्ध झाला.