पतपुरवठ्याचा पाया घालणारे धनंजयराव गाडगीळ

गरजू कुटुंबाला कर्ज मिळणार की नाही, हे कशावरून ठरते? त्याच्या प्रामाणिकपणावरून, की त्याच्या नावावरील जमिनीवरून? स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी हयात वेचली, त्यांत डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे.

१० एप्रिल १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी काही काळ सुरतेस प्राचार्यपद सांभाळले. १९३० मध्ये पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. वाई तालुक्यासारख्या भागांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहणी करण्याची शिस्त त्यांनी या संस्थेला लावली.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे संचालन करणाऱ्या गोरवाला समितीचे ते सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांच्या या पाहणीतून विदारक चित्र पुढे आले. शेतकऱ्यांच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा जेमतेम ३ टक्के, तर व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी होता. सहकाराची चळवळ तेव्हा अर्धशतकाच्या उंबरठ्यावर होती. सावकारच धान्याचा व्यापारीही असे, त्यामुळे कर्ज व विक्री या दोन्ही नाड्या एकाच हाती राहत. म्हणून पतपुरवठ्याला विक्री, साठवण व प्रक्रिया यांची जोड द्यावी आणि जमिनीच्या तारणाऐवजी येणाऱ्या पिकावर कर्ज द्यावे, अशी शिफारस समितीने केली. तिच्याच सूचनेतून १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व पाच वर्षांत ४०० नव्या शाखांचे बंधन तिच्यावर आले.

हा विचार त्यांनी केवळ अहवालात ठेवला नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत त्यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. १९५० मध्ये तेथे गाळप सुरू झाले. उसाच्या बिलातूनच सोसायटीचे कर्ज फिटू लागल्याने सामान्य सभासदाची पत वाढली.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्या वर्षी देशातील जेमतेम १ टक्का गावांत व्यापारी बँक होती. १९६९ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने जिल्हा हाच घटक मानून बँकांनी विस्तार करावा, असे सुचविले. त्यातूनच अग्रणी बँक योजना आकारास आली. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८१ पर्यंत ग्रामीण कर्जातील संस्थांचा वाटा ६० टक्क्यांवर गेला. मात्र ज्याच्याकडे पीकही नाही व जमीनही नाही, त्या शेतमजुराच्या दारी संस्थात्मक कर्ज सहजी पोहोचले नाही. अनेक संस्थांवर सधन शेतकऱ्यांचेच वर्चस्व राहिले. आता घरोघरी बँकेचे खाते झाले आहे, परंतु खाते म्हणजे पत नव्हे. कुटुंबाच्या मिळकतीशी जोडलेले कर्जच टिकते, हा धनंजयरावांच्या कार्याचा धडा त्यामुळेच आजही मोलाचा आहे.