छपरावरचे यागी

रामायण-महाभारताच्या काळात रविवारी सकाळी आपल्याकडे घरोघरी एक कवायत चालत असे. घरातला मोठा मुलगा गच्चीवर, धाकटा जिन्यात आणि वडील टीव्हीसमोर. वरच्याने अँटेना किंचित फिरवायचा, खालच्याने चित्र आले की गेले ते ओरडायचे आणि मधल्याने तो निरोप वर पोचवायचा. पुणेकरांचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे असत, मुंबईकरांचे वरळीच्या मनोऱ्याकडे. कावळा येऊन बसला की चित्राला मुंग्या येत. अॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांच्या त्या सांगाड्याला आपण नुसते अँटेना म्हणत होतो. पण त्याला एका माणसाचे नाव आहे, आणि ते दुकानातल्या खोक्यावर छापलेलेही असे: यागी. कित्येकांना ती कंपनी वाटायची.

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म 28 जानेवारी 1886 रोजी जपानमधील ओसाका शहरात झाला. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातून 1909 साली ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि लगेच उत्तरेकडच्या सेंडाई गावी शिक्षक म्हणून रुजू झाले. 1913 साली सरकारने त्यांना पुढील शिक्षणासाठी युरोपला पाठवले. जर्मनीत ड्रेस्डेन येथे बार्कहाउसेन या नामांकित प्राध्यापकांच्या हाताखाली ते बिनतारी लहरींचा अभ्यास करू लागले. पुढच्याच वर्षी सुटीसाठी ते स्वित्झर्लंडला गेले असताना पहिले महायुद्ध पेटले. जपान जर्मनीच्या विरुद्ध बाजूला होता, त्यामुळे परत जाण्याची वाट बंद झाली. मग यागी लंडनला गेले आणि रेडिओचा पहिला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या फ्लेमिंग यांच्याकडे शिकले. तेथून अमेरिकेत हार्वर्डला पिअर्स यांच्याकडे काही काळ काढून 1916 मध्ये ते मायदेशी परतले. युद्धाने गैरसोय केली खरी, पण एका देशाऐवजी तीन देशांतले गुरू मिळवून दिले.

सेंडाईच्या तोहोकू विद्यापीठात 1919 साली अभियांत्रिकीची शाखा निघाली आणि यागी तेथे प्राध्यापक झाले. त्या काळी जगभरचे बिनतारी तंत्रज्ञ लांब लहरींच्या मागे होते. शेकडो मीटर लांबीच्या लहरी, त्यासाठी डोंगराएवढे मनोरे. यागींनी उलटी दिशा धरली. अगदी आखूड, काही मीटरच्या किंवा त्याहूनही लहान लहरी, ज्यांचा तेव्हा कोणाला फारसा उपयोग दिसत नव्हता, त्यांवर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावले. अशाच एका विद्यार्थ्याच्या मोजमापात विचित्र आकडे आले. जवळ ठेवलेला, कशालाही न जोडलेला धातूचा तुकडा लहरींची वाट बदलत होता. चूक म्हणून ते आकडे फेकून देता आले असते. यागींनी ते फेकले नाहीत.

पुढचे काम केले शिंतारो उदा यांनी. उदा यागींपेक्षा दहा वर्षांनी लहान, 1896 सालचे, तोहोकूतूनच 1924 मध्ये पदवी घेऊन तेथेच राहिलेले. किती दांड्या, किती लांबीच्या, एकमेकींपासून किती अंतरावर, हे ते महिनोन्महिने एकेक करून मोजत राहिले. यागींच्या डोळ्याला एक गोष्ट दिसली होती. ती उपयोगात येईल असा सांगाडा उभा केला तो उदांच्या चिकाटीने.

तो सांगाडा नीट पाहिला तर त्यात तीन प्रकारच्या दांड्या दिसतात. मधली एकच दांडी वायरने टीव्हीला जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी. तिच्या पाठीमागे थोडी जास्त लांब दांडी असते, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. पुढे थोड्या आखूड दांड्यांची रांग असते, त्या डायरेक्टर. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर यांना एकही वायर जोडलेली नसते. मनोऱ्याकडून आलेली लहर या दांड्यांत क्षीण वीजप्रवाह उठवते आणि मग प्रत्येक दांडी स्वतः एक छोटी लहर सोडू लागते. लांब दांडी जरा मागे रेंगाळते, आखूड दांड्या जरा पुढे धावतात. त्यांची अंतरे नेमकी असली की समोरून येणाऱ्या लहरींसाठी या सगळ्या छोट्या लहरी मधल्या दांडीवर एकाच तालात पोचतात आणि एकमेकींना बळ देतात. मागून आलेल्या लहरींच्या बाबतीत त्या एकमेकींना मारतात. शाळेच्या झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो, अवेळी दिला तर थांबतो, तसेच काहीसे. म्हणून अँटेना फिरवला की चित्र येत-जात असे. सारा खेळ दिशेचा आणि लांबीचा. त्याला ना वीज लागते, ना व्हॉल्व्ह, ना हलणारा भाग.

1926 च्या सुरुवातीला यागी आणि उदा या दोघांच्या नावाने या शोधावर पहिला लेख प्रसिद्ध झाला. पेटंट मात्र निघाले एकट्या यागींच्या नावाने. उदांनी पुढची तीन वर्षे लेखांची मोठी मालिकाच लिहिली, पण ती जपानीत, त्यामुळे देशाबाहेर ती कोणी वाचली नाही. 1928 साली यागी अमेरिकेला गेले, तेथे त्यांनी व्याख्याने दिली आणि इंग्रजीत लेख छापला. त्या लेखात त्यांनी उदांच्या कामाचा मोकळेपणाने उल्लेख केला होता. पण इंग्रजी वाचणाऱ्यांनी एकच नाव उचलले आणि अँटेनाचे बारसे झाले ते यागी म्हणून. यागींनी श्रेय चोरले असे मला वाटत नाही. पण पेटंटच्या कागदावर दुसरे नाव लिहायला शाई फार लागली नसती, हेही खरे.

पेटंटचे हक्क पुढे परदेशी कंपन्यांनी घेतले. जपानमध्ये मात्र या शोधाची कोणाला फिकीर नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांच्या मते आपल्याकडून लहरी सोडणे म्हणजे रात्री कंदील पेटवून शत्रूला आपली जागा दाखवणे. 1941 साली यागींनी पेटंटची मुदत वाढवून मागितली, तेव्हा सरकारी खात्याने शोध पुरेसा महत्त्वाचा नाही असे ठरवून अर्ज फेटाळला. तोवर इंग्लंडमध्ये रडारचे युग सुरू झाले होते आणि ब्रिटिश विमानांच्या नाकावर व पंखांवर याच दांड्या बसत होत्या.

फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर घेतले. तेथे ब्रिटिशांच्या सर्चलाइटना दिशा देणारी रडार यंत्रे हाती लागली, आणि त्याबरोबर न्यूमन नावाच्या एका तंत्रज्ञ सैनिकाची टिपणवही. वहीत पानोपानी एक शब्द येत होता, जो जपानी तज्ज्ञांना कोणत्याच कोशात सापडेना. त्याचा उच्चार कसा करायचा हेही कळेना. शेवटी बंदिवान न्यूमनलाच विचारण्यात आले. त्याने सांगितले की हे अँटेना शोधणाऱ्या जपानी प्राध्यापकांचे नाव आहे. विचारणारे काय बोलले असतील याची कल्पनाच केलेली बरी. आपल्याच घरातली वस्तू शत्रूच्या छावणीत सापडावी आणि ती आपली आहे हेही शत्रूनेच सांगावे लागावे, असा तो प्रसंग.

यागी तोवर सेंडाई सोडून बरेच पुढे गेले होते. 1933 च्या सुमारास ओसाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभाग उभारताना त्यांनी हिदेकी युकावा नावाच्या एका लाजाळू तरुणाला नोकरी दिली आणि तो काहीच लिहीत नाही म्हणून त्याला चांगले फैलावरही घेतले. त्यानंतर युकावांनी अणुगर्भातील बलावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्यावरच 1949 साली जपानला पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. शिष्य निवडण्यात आणि त्याला रागावण्यातही हा माणूस पारखी होता. युद्धात 1944 च्या अखेरीस यागींना सरकारच्या तंत्रज्ञान मंडळाचे प्रमुख करण्यात आले. तेव्हा खूप उशीर झाला होता.

आता या कहाणीतला सर्वांत जड भाग. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर टाकलेला अणुबॉम्ब जमिनीवर आदळून फुटलेला नाही, सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. तीन दिवसांनी नागासाकीवरचाही तसाच हवेत. जमीन किती खाली आहे हे मोजण्यासाठी बॉम्बमध्ये छोटी रडार यंत्रे बसवली होती आणि त्या यंत्रांचे अँटेने यागींच्या रचनेचे होते. सेंडाईच्या प्रयोगशाळेत शोधलेल्या दांड्या वीस वर्षांत फिरून अशा वाटेने मायदेशी आल्या. यात यागींचा काही दोष नव्हता. दांडीला कोणाची लहर आली आणि ती कशासाठी आली हे कळत नाही.

युद्धानंतर अमेरिकी अमलात सरकारी पदांवरच्या अनेकांप्रमाणे यागींनाही काही वर्षे सार्वजनिक कामातून दूर ठेवण्यात आले. नंतर ते जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि 1956 साली त्यांना देशाचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मिळाला. पण त्यांचे खरे पुनर्वसन केले ते टीव्हीने. पन्नासच्या दशकात जपानमध्ये घरोघरी टीव्ही येऊ लागले आणि प्रत्येक छपरावर स्थानिक मनोऱ्याकडे पाहणारा एक यागी उगवला.

इकडे उदा कोठे होते? दिल्लीत. 1955 ते 1958 या काळात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अतिलघु लहरींवर काम करत होते. पुढच्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1959 रोजी, दिल्लीत भारताचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले. देशभर नंतर ज्या अँटेनाचे जंगल उगवले, त्याचा अर्धा जनक तीन वर्षे आपल्याकडे राहून गेला आणि आपण त्याचे नाव खोक्यावरही छापले नाही. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आता यागी-उदा अँटेना असे जोडनाव येते, एवढीच दुरुस्ती.

यागी 19 जानेवारी 1976 रोजी वारले, नव्वदीला नऊ दिवस कमी असताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदाही गेले.

मग डिजिटल युग आले आणि यागी आता इतिहासजमा, असे पुष्कळांना वाटले. झाले वेगळेच. डिजिटल प्रक्षेपणात बदलले ते लहरीवर लादलेले सामान. पूर्वी चित्राचा उजेड-अंधार थेट लहरीवर चढवला जाई, आता आकडे चढवले जातात. लहर तीच आणि ती पकडण्याची युक्तीही तीच. फक्त सांगाडा लहान झाला. साठ मेगाहर्ट्झच्या जुन्या प्रक्षेपणाची लहर पाच मीटर लांब, म्हणून मधली दांडी अडीच मीटरची. पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या डिजिटल प्रक्षेपणाची लहर साठ सेंटिमीटर, म्हणजे दांडी फुटभराची. गच्चीवर न जाता बाल्कनीच्या गजालाही ती बांधता येते.

स्वभाव मात्र पालटला आहे. जुन्या टीव्हीवर लहर क्षीण झाली की मुंग्या येत, समोरच्या इमारतीवरून उसळून आलेल्या लहरीमुळे माणसांना सावलीसारखी दुसरी आकृती फुटे, पण काहीतरी दिसत राही. डिजिटलमध्ये त्या सावल्या गेल्या, कारण उशिरा आलेला पडसाद विरून जावा म्हणून दोन संदेशांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. पण लहर एका मर्यादेखाली गेली की मधली अवस्थाच नाही. चित्राचे चौकोन होतात, गोठते आणि पडदा काळा. काठावर असलेल्या घरात दोन दांड्या जास्त असलेला, मनोऱ्याकडे नीट रोखलेला यागी हाच चित्र असणे आणि नसणे यातला फरक ठरतो. आपल्या दूरदर्शननेही 2016 साली मुंबई आणि औरंगाबादसह 16 शहरांत असे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. केबल आणि छत्रीच्या गर्दीत त्याची फारशी वाच्यता झाली नाही. ज्यांच्या टीव्हीत त्याचा ट्यूनर आहे त्यांना महिन्याचे पैसे न भरता ते बघता येते. आपल्या घरापासून मनोरा कोणत्या दिशेला आहे तेवढे माहीत हवे. अँटेना जमिनीला समांतर बांधा, आखूड दांड्यांचे टोक मनोऱ्याकडे करा. पुष्कळ जण तो नेमका उलटा बांधतात.

जपानने डिजिटल प्रक्षेपण डिसेंबर 2003 मध्ये सुरू केले आणि जुने बंद करण्याची तारीख ठरवली 24 जुलै 2011. त्या वर्षी मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य किनारा उद्ध्वस्त केला. छपरेच वाहून गेली होती, अँटेना कोठे लावणार? म्हणून तिथल्या तीन प्रांतांना सवलत मिळाली. त्यातला एक मियागी, सेंडाई ज्याची राजधानी. यागी आणि उदांच्या गावातले जुने प्रक्षेपण बंद झाले ते 31 मार्च 2012 रोजी, देशात सर्वांत शेवटी. दुरुस्त झालेल्या छपरांवर तोवर आखूड दांड्यांचे नवे यागी चढले होते.