ग्वादालाहाराचा एकहाती चित्रकार

मेक्सिकोच्या पश्चिम भागात हालिस्को नावाचे राज्य आहे आणि ग्वादालाहारा ही त्याची राजधानी. आजच्या जागी हे शहर वसले ते १५४२ साली. मारियाची गवयांचे ताफे आणि जवळच्या टकीला गावात गाळले जाणारे मद्य यांच्या ओढीने पर्यटक येथे येतात. मात्र ज्याला संग्रहालये आणि कलादालने पाहायची आहेत, त्याला या शहरात एक वेगळाच अनुभव येतो. तो विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात जातो, शासनप्रासादाचा जिना चढतो, जुन्या अनाथालयाच्या प्रार्थनागृहात शिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची गाठ एकाच माणसाशी पडते. होसे क्लेमेंते ओरोस्को हे त्याचे नाव. डाव्या हाताला पंजा नसलेल्या आणि जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या या चित्रकाराने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या तीनही वास्तूंच्या भिंती रंगवल्या. त्यांपैकी एकही चित्र खिळ्यावरून उतरवून दुसरीकडे नेता येत नाही. ओरोस्को पाहायचा तर ग्वादालाहाराला जावे लागते.

मेक्सिकोची भित्तिचित्रे म्हटली की मराठी वाचकाला आठवतो तो दिएगो रिवेरा. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांना रिवेराने मेक्सिको सिटीतील एका भित्तिचित्रात स्थान दिले, हे त्यामागचे एक कारण. फ्रिदा काहलोच्या लोकप्रियतेनेही रिवेराचे नाव सर्वदूर पोहोचवले. त्या मानाने ओरोस्को आपल्याकडे उपेक्षितच राहिला. वास्तविक गांधीजींना न्यूयॉर्कमधील एका भिंतीवर आणून बसवणारा चित्रकार तोच. पण तो भाग पुढे येईल.

ओरोस्कोचा जन्म २३ नोव्हेंबर १८८३ रोजी हालिस्कोमधील सापोत्लान एल ग्रांदे या गावी झाला. हे गाव आज सिउदाद गुस्मान या नावाने ओळखले जाते. तो लहान असतानाच कुटुंब ग्वादालाहाराला आणि १८९० मध्ये मेक्सिको सिटीला आले. तेथे शाळेच्या वाटेवर होसे ग्वादालुपे पोसादा या खोदचित्रकाराचे दुकान होते. खून, भूकंप, फाशी, सणवार अशा विषयांवर स्वस्त चित्रपत्रके छापण्यासाठी पोसादा धातूच्या पत्र्यावर कोरीव काम करीत बसलेला असे आणि रस्त्यावरून ते दिसत असे. हा मुलगा रोज तेथे थबके. चित्रकलेशी त्याची पहिली ओळख अशी भर रस्त्यात झाली.

पुढे त्याने शेतकी शाळेत शिक्षण घेतले, वास्तूंचे आराखडे काढण्याचे काम केले. एकविसाव्या वर्षी दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा डावा हात गेला आणि दृष्टीही अधू झाली. एखाद्याने या अपघातानंतर आराखड्यांच्या टेबलावरच आयुष्य काढले असते. ओरोस्कोने नेमके उलटे केले. १९०६ मध्ये तो सान कार्लोस कला अकादमीत पूर्ण वेळ दाखल झाला. भित्तिचित्राचे काम शरीर पिळून काढणारे असते. ओल्या गिलाव्यावर तो सुकण्याआधी रंग भरावा लागतो, चूक झाली तर गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि हे सारे उंच परातीवर उभे राहून किंवा पाठीवर पडून. दोन्ही हात धड असलेल्यांना जे जड जाते, ते या माणसाने जन्मभर एका हाताने केले.

१९१० मध्ये मेक्सिकन क्रांतीचा भडका उडाला. राज्यकर्ते बदलत राहिले, सेना एकमेकींवर तुटून पडल्या. ग्वादालाहारातच जन्मलेला चित्रकार डॉ. आत्ल् याच्यासोबत ओरोस्को १९१५ मध्ये ओरिसाबा गावी गेला आणि ‘ला वान्ग्वार्दिया’ या पत्रासाठी व्यंगचित्रे काढू लागला. तेथे त्याने क्रांती जवळून पाहिली. लूट, गोळ्या घालून केलेल्या हत्या, जखमींचे हाल आणि त्यावर चाललेली भाषणे. या क्रांतीकडे रिवेरा पुढे उत्सवाच्या डोळ्यांनी पाहणार होता. क्रांतीच्या धामधुमीचा बहुतेक काळ तो युरोपात होता, हे येथे लक्षात ठेवायला हवे. ओरोस्कोला तो उत्सव कधी दिसलाच नाही.

१९१६ मध्ये त्याने वेश्यावस्तीतील स्त्रियांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. टीकेपलीकडे पदरात काही पडले नाही. पुढल्या वर्षी तो अमेरिकेकडे निघाला, तेव्हा टेक्सासमधील लारेडोच्या सीमेवर जकात अधिकाऱ्यांनी त्याच्याजवळची सुमारे साठ चित्रे अश्लील ठरवून नष्ट केली. कागदावरचे चित्र एका कारकुनाच्या लहरीवर संपू शकते, हा धडा त्याला तेथे मिळाला. भिंतीवरचे चित्रही सुरक्षित नसते, हे कळायला आणखी सात वर्षे जायची होती. अमेरिकेत पोटासाठी त्याने बाहुल्यांचे चेहरे रंगवले.

क्रांतीनंतरच्या सरकारने १९२० च्या दशकात सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या करून दिल्या. ओरोस्कोच्या वाट्याला मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालय, म्हणजे सान इल्देफोन्सोची जुनी वास्तू आली. १९२३ मध्ये त्याने काम सुरू केले. त्याच वर्षी मार्गारिता वाल्यादारेसशी त्याचा विवाह झाला. १९२४ मध्ये विद्यार्थ्यांनीच चित्रांची नासधूस केली आणि काम बंद पडले. १९२६ मध्ये परतल्यावर त्याने आपलीच काही जुनी चित्रे खरवडून नव्याने रंगवली. आपल्या कामावर इतका निर्दयपणे बोळा फिरवणारे कलावंत थोडेच.

१९२७ मध्ये तो पुन्हा अमेरिकेत गेला आणि सात वर्षे राहिला. कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या भोजनगृहात १९३० मध्ये त्याने प्रोमिथियस रंगवला. देवांकडून अग्नी चोरून माणसांना देणारा आणि त्यापायी यातना भोगणारा हा ग्रीक पुराणातील वीर. आगीने त्याच्या चित्रांत तेव्हापासून ठाण मांडले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’ या संस्थेत १९३०-३१ मध्ये त्याने जगातील संघर्षांची मालिका रंगवली. मिठाचा सत्याग्रह नुकताच झाला होता. पूर्वेकडील संघर्षाच्या चित्रात एकीकडे साखळदंडांतील गुलाम आणि साम्राज्याचे सैनिक आहेत, तर त्यांच्यासमोर जमिनीवर शांतपणे बसलेले गांधीजी. ओरोस्को भारतात कधी आला नाही. न्यूयॉर्कमध्ये पत्रकार अल्मा रीड हिच्या ज्या घरी त्याचा वावर होता, त्या घराचे नावच ‘आश्रम’ होते आणि सरोजिनी नायडूही तेथे येऊन गेल्या होत्या. नेत्यांविषयी मूळचाच साशंक असलेल्या या चित्रकाराने ज्यांना फारसा उपहास न करता रंगवले, अशा थोड्यांमध्ये गांधीजींची गणना करावी लागेल. याच संस्थेने पुढे १९५३ मध्ये, साम्यवादविरोधी वातावरणात, लेनिन आणि स्टालिन असलेला भाग पडद्याआड झाकला होता.

१९३४ मध्ये तो मायदेशी परतला. हालिस्कोचे गव्हर्नर एवेरार्दो तोपेते यांच्या कारकिर्दीत त्याला ग्वादालाहाराने बोलावले आणि ज्या शहरात बालपणीची काही वर्षे गेली तेथे पन्नाशी ओलांडलेला ओरोस्को परत आला.

विद्यापीठाच्या सभागृहापासून सुरुवात झाली. ही वास्तू आज विद्यापीठाचे कलासंग्रहालय असून १९९४ पासून ते सर्वांना खुले आहे. व्यासपीठामागच्या भिंतीवर हाडांचे सापळे झालेली भुकेली माणसे आहेत आणि त्यांच्यासमोर हातात पुस्तके घेतलेले खोटे पुढारी. ज्या मंचावरून प्राध्यापक आणि मंत्री भाषणे करणार, त्याच मंचामागे हे चित्र. वक्त्याला ते दिसत नाही. श्रोत्यांना मात्र वक्ता आणि चित्र दोन्ही एकदम दिसतात.

१९३७ मध्ये शासनप्रासादाचा जिना आला. स्वातंत्र्ययुद्धाचा प्रणेता, पांढऱ्या केसांचा धर्मगुरू मिगेल इदाल्गो याने १८१० मध्ये याच शहरातून गुलामगिरी रद्द केल्याचा आदेश काढला होता. जिन्याच्या मुख्य भागावर, डोक्यावरच्या कमानीत, हा इदाल्गो हातात पेटता पलिता घेऊन अंगावर येतो. त्याचा आकार एवढा प्रचंड की पायरी चढणारा माणूस नकळत थांबतो. पण खाली पाहावे तर त्या पलित्याच्या उजेडात माणसे एकमेकांना भोसकत आहेत. बाजूच्या भिंतीवर राजकारणाची सर्कस भरली आहे. स्वस्तिक, विळा-हातोडा, क्रूस सारे एकाच गोंधळात गुंतलेले. सरकारच्या पैशाने, सरकारच्या इमारतीत, अर्ज घेऊन येणाऱ्या नागरिकांच्या डोळ्यांसमोर हे रंगवले गेले. ओरोस्कोने कोणत्याही पक्षाची तळी उचलली नाही, म्हणून डाव्यांनी आणि उजव्यांनी त्याला सारखेच दूर ठेवले.

आणि मग ओस्पिसिओ काबान्यास. बिशप हुआन रुइस दे काबान्यास याने अनाथ, वृद्ध आणि निराधारांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली ही वास्तू मानुएल तोल्सा या वास्तुकाराच्या आराखड्यावर बांधलेली आहे. अशक्त आणि पंगू माणसांना वावरता यावे म्हणून जवळजवळ सारे आवार एकमजली ठेवलेले, एकामागून एक मोकळे चौक आणि मधोमध उंच घुमटाचे प्रार्थनागृह. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात येथे सैन्याचा तळही पडला होता. या प्रार्थनागृहाच्या छतावर आणि भिंतींवर ओरोस्कोने १९३८-३९ मध्ये जी चित्रे काढली, त्यांची संख्या ५७ भरते.

आत गेल्यावर प्रथम दिसतात ते अंधारे, करडे, तांबूस रंग. प्राचीन देवतांसमोरचे नरबळी आहेत आणि त्यांच्यावर चालून आलेला स्पॅनिश विजेता एर्नान कोर्तेस आहे. पण तो हाडामांसाचा माणूस नाही. खिळे ठोकलेल्या पोलादाचा यंत्रमानव आहे. घोडाही यंत्राचाच. पुढे हातात क्रूस घेतलेले धर्मोपदेशक, हुकूमशहा, चेहरा हरवलेल्या फौजा. जुने जग निष्पाप होते आणि परक्यांनी ते नासवले, असे सोपे उत्तर येथे मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या हातांना रक्त आहे. ही चित्रे रंगवली जात असताना युरोपात दुसरे महायुद्ध दारात येऊन ठेपले होते, हे त्या फौजांकडे पाहताना विसरता येत नाही.

घुमटाकडे पाहण्यासाठी येथे लाकडी बाके ठेवली आहेत आणि प्रेक्षक चक्क त्यांवर आडवे होतात. संग्रहालयात झोपण्याची मुभा देणारी ही जागा विरळाच! वर, घुमटाच्या अगदी मध्यावर, ज्वाळांनी वेढलेला एक पुरुष चालत वर निघाला आहे. खालून पाहताना त्याचे तळवे आधी दिसतात आणि डोके दूर आगीत विरत गेलेले. कडेने तीन राखाडी आकृती आहेत. त्या पृथ्वी, जल आणि वायू यांच्या समजल्या जातात. हा ‘अग्निपुरुष’ जळून नष्ट होतो आहे की जळता जळता मुक्त होतो आहे, यावर कलासमीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. ओरोस्कोने चित्रांचे अर्थ सांगण्याचे सहसा टाळले. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र वाटते की ज्याच्या शरीराचा एक भाग आगीने नेला, त्यानेच आगीकडे इतक्या जवळून आणि इतक्या निर्भयपणे पाहावे, हा निव्वळ योगायोग नसावा.

या चित्रांनंतरही त्या वास्तूत मुले राहतच होती. अनाथालय १९८० च्या सुमारास दुसरीकडे गेले आणि मग तेथे सांस्कृतिक केंद्र झाले. १९९७ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. म्हणजे आज तिकीट काढून जे पाहावे लागते, त्याच्या सान्निध्यात चाळीस वर्षे ती मुले वाढली. घुमटातल्या त्या जळत्या माणसाविषयी त्यांनी आपसांत कोणत्या गोष्टी रचल्या असतील?

मेक्सिको सिटीत परतल्यावर १९४१ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या भिंतींवर सिंहासनावर पेंगलेली न्यायदेवता रंगवली आणि न्यायाधीशांचा रोष ओढवून घेतला. मान-सन्मानही याच दशकात मिळाले: १९४३ मध्ये ‘कोलेहिओ नासिओनाल’ या विद्वत्संस्थेचे संस्थापक सदस्यत्व, १९४६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. ग्वादालाहारातही त्याने घर आणि कार्यशाळा बांधली. आर्कोस या कमानींजवळची ही वास्तू त्याच्या मृत्यूनंतर संग्रहालय झाली. प्रशस्त, उंच खिडकीची ही खोली पाहिली की कॅनव्हासवर काम करतानाही या माणसाला भिंतीएवढी जागा लागत असे, हे ध्यानात येते.

१९४९ मध्ये तो शासनप्रासादात शेवटचा परतला. या वेळी काम होते तेथील विधिमंडळाच्या सभागृहाचे. विषय पुन्हा इदाल्गो, पण पलिता हातात घेतलेला नव्हे. या घुमटाखाली तो गुलामगिरी रद्द करणारा आदेश लिहितो आहे. प्रासाद पाहायला जाणारे बहुतेक पर्यटक जिन्यावरचे चित्र पाहून, छायाचित्र काढून खाली उतरतात. वरचे सभागृह उघडे असल्यास तेथपर्यंत अवश्य जावे. दोन चित्रांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे.

हे काम संपवून तो मेक्सिको सिटीला गेला आणि एका नव्या निवासी वसाहतीच्या उघड्यावरील भिंतीचे काम त्याने हाती घेतले. ७ सप्टेंबर १९४९ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा ती भिंत अपुरी होती.