दाताची कीड शोधणारा मिलर

दात किडला म्हणजे त्यात खरोखरच किडा शिरला, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. मराठीत आपण 'कीड' म्हणतो; कन्नडमध्ये किडलेल्या दाताला 'हुळुकु हल्लु' म्हणतात, आणि 'हुळु' म्हणजे किडाच! रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की किडे गळून पडतात, असे छातीठोकपणे सांगणारी वडीलधारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत.

सुट्टीत सुरतला मामांकडे गेलो असता त्यांच्या दाढेचे रूट कॅनॉल चालले होते. मामा हिऱ्याच्या कारखान्यात लेसरने हिरे कापतात. दंतवैद्यानेही लेसरचाच पर्याय सुचविला. हिरा कापायचा ते समजते, पण दाताच्या मुळात लेसरने मारायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी विलोबी डेटन मिलर या माणसापाशी पोहोचलो.

मिलर यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. मिशिगन विद्यापीठात ते गणित आणि पदार्थविज्ञान शिकले. पुढील अभ्यासासाठी युरोपात गेले, पण पैशाची अडचण आली. बर्लिनमधील अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने त्यांना आधार दिला. मिलर दंतवैद्यकाकडे वळले ते तेव्हापासून. पुढे अ‍ॅबट यांचे जावईही झाले. अडचणीवर एवढे व्याज मिळाल्याचे उदाहरण आम्हा वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नाही.

१८७९ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेऊन ते बर्लिनला परतले. रॉबर्ट कॉख यांच्या जंतुशास्त्राने ते शहर लवकरच गाजू लागले. १८८४ मध्ये मिलर तेथे प्राध्यापक झाले. त्यांचा प्रयोग अगदी घरगुती वाटावा असा आहे. काढलेले दात त्यांनी लाळेत ठेवले. एकात पाव घातला, दुसऱ्यात मांस. पावाबरोबरचे दात आम्लाने मऊ पडले, मांसाबरोबरचे पडले नाहीत. लाळ उकळून घेतली, तर पावाबरोबरही दात शाबूत! म्हणजे तोंडातील जंतू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. किडा नव्हताच. १८९० मध्ये हे सारे इंग्रजी ग्रंथरूपाने आले.

१८९४ मध्ये त्यांनी दाताच्या मेलेल्या गराची तपासणी करून तेथेही जंतू दाखविले. रूट कॅनॉलची सारी खटपट याच जंतूंसाठी असते. बारीक कानशीने नळी घासायची, सोडियम हायपोक्लोराइटने धुवायची आणि मग ती बंद करायची. मुख्य नळीला फुटलेल्या सूक्ष्म फाट्यांत कानस पोहोचत नाही. तेथील जंतू मारायला किंवा धुण्याचे औषध आतवर ढवळायला लेसरची मदत घेतात. पण तो जोडीदार आहे. घासण्याधुण्याची सुट्टी तो देत नाही. जास्तीचे पैसे मोजण्यापूर्वी एवढे ठाऊक असलेले बरे.

मिलर यांच्या कामाला एक विपरीत फळही आले. तोंडातील जंतू शरीरात इतरत्र रोग पसरवू शकतात, असे त्यांनी १८९१ मध्ये मांडले होते. दात उपटा, असे मात्र म्हटले नव्हते. उलट मुळाची नळी भरण्याचा मार्ग सुचविला होता. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संधिवातापासून वेडापर्यंत कशाकशासाठी लोकांचे दात सरसकट उपटले गेले.

ते पाहायला मिलर उरले नव्हते. मिशिगनच्या दंतमहाविद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारून ते मायदेशी परतले खरे, पण त्या खुर्चीवर बसण्यापूर्वीच, जुलै १९०७ मध्ये, आंत्रपुच्छाच्या विकाराने ते वारले. वयाला ५४ वर्षेही पुरी झाली नव्हती.