गारगोटीत जंगल वाचणारा माणूस : बिरबल साहनी

विहीर खोदताना काळ्या पत्थराच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. वीतभर, हातभर, कुठे त्याहून जाड. खोदणारे म्हणतात गेरू लागला, आणि सुरुंग लावून पुढे जातात. अभ्यासकांच्या मते यातले बरेचसे पट्टे म्हणजे जुनी जमीनच आहे. खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपावसानं कुजून त्याची माती झाली आणि मग वरून दुसरा लाव्हा येऊन ती गाडली गेली. दोन लाव्ह्यांच्या मधल्या या काळात कुठे कुठे तळीही साचली होती. त्यांच्या काठाला झाडं होती, पाण्यात शेवाळ होतं. त्या झाडांचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांचं नाव प्रा. बिरबल साहनी.

माणूस पंजाबचा. 14 नोव्हेंबर 1891 रोजी भेरा या गावी जन्म. झेलम नदीकाठचं हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्र शिकवायचे. सुट्टी लागली की पोरांना घेऊन हिमालयात पायी निघायचे. झाडपाला गोळा करायचा, दगड उचलायचे, घरी आणून बघायचे, असा त्या घरातला रिवाज. 1911 मध्ये लाहोरची पदवी घेऊन बिरबल केंब्रिजला गेले. तिथे सीवर्ड नावाचे प्राध्यापक दगडात सापडणाऱ्या झाडांचे मोठे जाणकार होते. त्यांच्या हाताखाली साहनी तयार झाले. 1919 मध्ये लंडनची डॉक्टरेट मिळाली आणि ते लगेच भारतात परतले. तिकडे राहायचं ठरवलं असतं तर अडचण नव्हती. 1920 मध्ये सावित्री यांच्याशी लग्न झालं. 1921 पासून ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते शेवटपर्यंत लखनौचेच राहिले. अंगात खादीच असायची.

आता दगडात झाड सापडतं म्हणजे काय, ते बघू. झाड पडतं, चिखलात किंवा राखेत गाडलं जातं. गारेचा अंश विरघळलेलं पाणी त्याच्यात मुरतं. लाकडातल्या बारीक बारीक पेशींमध्ये ती गार बसते आणि लाखो वर्षांनी लाकडाचा दगड होतो, पण आतली वीण तशीच राहते. अशा दगडाचा पातळ काप काढून, काचेला चिकटवून तो घासत न्यायचा, इतका की त्यातून उजेड आरपार जाईल. मग सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाच्या नळ्या मोजता येतात. वर्षाच्या कड्या दिसल्या तर त्या झाडानं ऋतू पाहिले होते, चांगला काळ आणि वाईट काळ दोन्ही काढले होते. कड्या नसल्या तर बहुधा बारमाही ऊब आणि ओल. मात्र ताडमाडाच्या जातीला कड्या पडतच नाहीत, त्यामुळे तिथे हा हिशेब चालत नाही. तिथे झाडाची जात ओळखायची आणि ती जात आज कुठल्या हवेत जगते ते बघायचं.

नागपूरच्या आसपास अशा दगडांची ओळख जुनी आहे. 1850 च्या दशकात हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी टाकळीच्या परिसरातून फळं, बिया, शिंपले गोळा केले होते. ज्यांच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे तेच हे हिस्लॉप. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां पुढे आलं. शेतात विखुरलेल्या गारेच्या ढेकळांत तिथे खोडं, मुळं, फळं निघू लागली. या मोहगावच्या झाडांवर साहनी आणि भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांनी 1937 मध्ये मिळून लेख लिहिला.

मोहगावच्या त्या ढेकळांत निपा नावाच्या पाम झाडाचं फळ सापडलं होतं. निपा आज सुंदरबनात वाढते, भरतीचं पाणी चढतं-उतरतं अशा खाडीच्या चिखलात. तिकडचे लोक तिला गोलपाता म्हणतात आणि तिच्या झावळ्यांनी घरं शाकारतात. गोड्या पाण्याच्या डोंगराळ तळ्यावर हे झाड येत नाही. आज मोहगावहून समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर दूर आहे. मग हे फळ तिथे आलं कुठून? साहनींनी अर्थ लावला की तेव्हा इथे खाडी होती, समुद्राचा एक फाटा आतपर्यंत आलेला होता. ज्या भागात आज संत्र्याच्या बागा आणि उन्हाळ्याचे टँकर दिसतात, तिथे उबदार, दमट खारफुटी!

सौसरकडच्या गारेत त्यांना आणि त्यांचे सहकारी राव यांना अझोलाही सापडला. गाईम्हशींना खाद्य म्हणून आज लोक प्लॅस्टिकच्या हौदात वाढवतात, त्याच अझोलाची ही फार जुनी भावकी. अझोला तरंगतो तो गोड्या, संथ पाण्यावर. म्हणजे एका ठिकाणी खाडी, तर थोड्या अंतरावर गोड्या पाण्याचं डबकं. सगळा मुलूख एकसारखा नव्हता.

या झाडांवरून साहनींनी आणखी एक मोठा दावा केला. दख्खनचा लाव्हा तेव्हा समजला जायचा तितका जुना नाही, डायनासोरांच्या काळानंतरचा आहे, असं त्यांनी 1934 मध्ये मांडलं. त्यावर बराच वाद झाला. आज दगडांचं वय मोजायची यंत्रं आहेत आणि ती सांगतात साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं, म्हणजे डायनासोर संपले त्या उंबरठ्यावरच. काही थर उंबरठ्याच्या अलीकडचे, काही पलीकडचे. तेव्हा साहनी अर्धे बरोबर निघाले म्हणायचे. हाती फक्त पानं, फळं आणि लाकडं असताना हेही थोडं नव्हतं.

झारखंडच्या राजमहल टेकड्यांत त्यांनी खोड, पानं, फुलं असे सुटे तुकडे जुळवून एक अख्खं झाड कागदावर उभं केलं आणि त्याला आपल्या गुरूंचं, सीवर्ड यांचं नाव दिलं. 1936 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना सदस्य करून घेतलं. त्याच सुमारास रोहतकजवळ जुनी नाणी पाडायचे मातीचे साचे त्यांना सापडले. मग नाणी कशी ओतत असतील यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. जमिनीतून काही निघालं की त्यांना राहवत नसे.

सगळंच बरोबर आलं असं मात्र नाही. जन्मगाव भेऱ्यापासून जवळच मिठाचा डोंगर आहे. ते मीठ किती जुनं, हा भांडणाचा विषय होता. साहनींनी मीठ पाण्यात विरघळवून गाळ तपासला. त्यात लाकडाचे बारीक तुकडे आणि किड्यांचे अवशेष दिसले, म्हणून मीठ तुलनेनं अलीकडचं आहे असं त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे दिसून आलं की मीठ 50 कोटी वर्षांपेक्षाही जुनं आहे, जमिनीवर झाडं उगवायच्याही आधीचं. ते तुकडे नंतर कधी तरी बाहेरून शिरलेले. चुकले ते. पण गाळून तपासायची जी रीत त्यांनी रुजवली, तीच रीत पुढे कोळसा आणि तेलाच्या शोधात परागकण बघायला कामी आली.

शेवटची काही वर्षं त्यांना एकच ध्यास होता. दगडातल्या झाडांसाठी देशात स्वतंत्र संस्था हवी. 1946 मध्ये लखनौला ती सुरू झाली. पतिपत्नीनं आपला दगडांचा संग्रह, पुस्तकं आणि पैसाही त्यात घातला. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिलाही साहनींनी स्वतः तयार केलेली, सिमेंटमध्ये 77 जीवाश्म बसवून.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. 9 एप्रिलच्या रात्री हृदयविकारानं ते गेले. वय 57.

इमारत नाही, प्रमुख नाही, पैशाची ओढाताण. संस्था तिथेच बुडाली असती. सावित्री साहनी वैज्ञानिक नव्हत्या, पण कारभार त्यांनी हातात घेतला, मदत मिळवली, बांधकाम रेटलं. 1953 च्या जानेवारीत नेहरू पुन्हा आले आणि इमारतीचं उद्घाटन झालं. साहनींची समाधी त्याच आवारात आहे. दख्खनच्या गारेतली झाडं, कोळशाच्या खाणीतली पानं, तळ्यांच्या गाळातले परागकण यांवर तिथे अजून काम चालू असतं.